‘बेकायदा’ मुलें आणि नसलेली रांग

आईबापांच्या कडेवर बसून किंवा त्यांचें बोट धरून परवान्याशिवाय अमेरिकेंत आलेलीं, आणि तेथेंच लहानाचीं मोठीं झालेलीं अशीं लाखों मुलें आहेत. त्यांना त्या देशांत राहण्याचा कायदेशीर हक्क द्यावा कीं नाहीं, हा वाद तेथें २००१ सालापासून चालू आहे. वाद परक्या देशाचा खरा. परंतु त्यांतील एका पक्षाचा कोटिक्रम अलीकडे आमच्याच सुशिक्षित घरांतून मोठ्या आत्मविश्वासानें ऐकूं येतो. “आमचा मुलगा रीतसर गेला, वर्षानुवर्षें रांगेंत उभा आहे, मग रांग मोडून घुसलेल्यांच्या पोरांना बक्षीस कां?” असें बोलणारांच्या ठायीं न्यायबुद्धि नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. नियम पाळणाराला नियम मोडणाराचा राग येणें स्वाभाविक आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा राग भलत्याच दारीं जाऊन उभा राहिला आहे, आणि ज्या रांगेच्या नांवानें तो व्यक्त होतो ती रांग ह्या मुलांसाठीं कधीं नव्हतीच.

“दारानें या” हें सांगणें सोपें आहे. दार कोठें आहे तेंही सांगावें, म्हणजे झालें. कायमच्या वास्तव्याचा परवाना मागण्यास त्या देशाच्या कायद्यांत मुख्यतः दोन वाटा आहेत. जवळचा नातलग तेथील नागरिक असावा, किंवा एखाद्या मालकानें कामासाठीं मागणी करावी. मेक्सिकोंतील ज्या शेतमजुराला ह्यांपैकीं एकही आधार नाहीं, त्यानें जन्मभर वाट पाहिली तरी त्याचा क्रमांक लागावयाचा नाहीं. कारण त्याला क्रमांक दिलाच जात नाहीं. बरें, त्याच्या मुलीनें मोठेपणीं “मी परत जाऊन रीतसर येतें” असें म्हटलें, तर १९९६ सालचा कायदा आडवा येतो. वयाचीं अठरा वर्षें पुरीं झाल्यावर जी व्यक्ति वर्षाहून अधिक काळ परवान्याशिवाय राहिली, ती देशाबाहेर पडली कीं दहा वर्षें तिला आंत पाऊल ठेवण्याची बंदी! राहावें तर बेकायदा, निघावें तर बंदी.

वस्तुतः ह्या मुलांना घडविलें तें त्या राज्यसंस्थेनेंच. टेक्सस राज्यानें १९७५ सालीं कायदा करून अशा मुलांच्या शिक्षणाचा सरकारी पैसा बंद केला, तेव्हां टायलर गांवच्या शाळाखात्यानें त्यांच्याकडून दरसाल हजार डॉलर फी मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि १५ जून १९८२ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं तो कायदा रद्द ठरला. न्या. ब्रेनन यांच्या निकालाचा मथितार्थ असा कीं, आईबापांच्या वर्तनाचा दंड मुलांना करणें न्यायाच्या मूळ कल्पनेशीं विसंगत आहे. विरुद्ध मत देणारे सरन्यायाधीश बर्गर यांनींही मुलांना प्राथमिक शिक्षण नाकारणें शहाणपणाचें नव्हे हें मान्य केलें. त्यांचा आक्षेप एवढाच कीं, हें काम न्यायालयाचें नसून विधिमंडळाचें आहे. तेव्हांपासून शाळेचें दार ह्या मुलांना उघडें आहे. तेथील भाषेंत तीं विचार करूं लागतात, तेथील इतिहास आपला म्हणून पाठ करतात, आणि सतराव्या-अठराव्या वर्षीं नोकरीचा अर्ज भरावयास बसलीं म्हणजे त्यांना कळतें कीं आपण कोणीच नाहीं.

विधिमंडळाचें काम विधिमंडळानें केलें काय? २००१ सालीं रिपब्लिकन हॅच आणि डेमोक्रॅट डर्बिन ह्या दोन सेनेटरांनीं मिळून ‘ड्रीम’ नांवाचें विधेयक पुढें आणलें. डिसेंबर २०१० मध्यें प्रतिनिधिगृहानें तें २१६ विरुद्ध १९८ मतांनीं मंजूर केलें. सेनेटमध्यें बाजूनें ५५ आणि विरुद्ध ४१ मतें पडलीं. पण वादविवाद थांबवून निर्णय घेण्यास तेथें ६० मतें लागतात, म्हणून बहुमत असूनही विधेयक बुडालें! पुढें १५ जून २०१२ रोजीं, म्हणजे टेक्ससच्या निकालास बरोबर तीस वर्षें होत असतां, अध्यक्ष ओबामा यांनीं हुकमानें एक योजना सुरू केली. सोळा वर्षांच्या आंत आलेला, १५ जून २००७ पासून सतत तेथेंच राहिलेला, शिकत असलेला किंवा शिकलेला आणि गंभीर गुन्हा न केलेला तरुण असेल, तर त्याला दोन वर्षें घालवून द्यावयाचें नाहीं, आणि काम करण्याची परवानगी द्यावयाची. दोन वर्षांनीं पुन्हां अर्ज, पुन्हां फी. (योजनेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘डाका’ असा होतो, विरोधकांना मराठी येत असतें तर त्यांना आयतीच कोटी सांपडली असती.) २०१७ सालीं ट्रंप सरकारनें योजना मागें घेतली. १८ जून २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, मागें घेण्याची रीत अयोग्य म्हणून तो निर्णय फिरविला. २०२१ सालीं टेक्ससमधील एका न्यायाधीशानें मूळ योजनाच बेकायदा ठरविली, आणि नवे अर्ज मंजूर होणें बंद पडलें. इतक्या घडामोडींत ह्या ‘मुलां’तील थोरलीं चाळिशी ओलांडून गेलीं. त्यांतील कित्येकांना स्वतःचीं मुलें झालीं, आणि तीं जन्मानें अमेरिकन नागरिक आहेत.

आईबापांचें कर्म मुलांच्या माथीं मारणारा हा न्याय महाराष्ट्राला नवा नाहीं. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेनें ते पुन्हां गृहस्थाश्रमांत आले, आणि त्यांना चार मुलें झालीं. शास्त्राच्या अक्षराकडे पाहिलें तर नियम मोडला होता, ह्यांत शंका नाहीं. परंपरा सांगते कीं आईबापांनीं देहान्त प्रायश्चित्त घेतलें. तरीही मुलांच्या मुंजीचा प्रश्न सुटला नाहीं, आणि त्या पोरक्या भावंडांना शुद्धिपत्र आणावयास पैठणची वाट धरावी लागली. ‘संन्याशाचीं पोरें’ म्हणून त्यांना दूर सारणारे लोक दुष्टच होते असें नव्हे. तेही नियमाचेच भक्त होते, आणि “आज ह्यांना घेतलें तर उद्यां प्रत्येक संन्यासी परत येऊन संसार थाटील” असेंच त्यांचें म्हणणें असलें पाहिजे. आळंदीहून निघणाऱ्या पालखीपुढें हात जोडणाऱ्या आमच्या वाचकांची सहानुभूति ह्या प्रकरणांत कोणाकडे आहे, हें विचारण्याचें कारण नाहीं. तीच सहानुभूति टेक्ससच्या सरहद्दीशीं कां आटते, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

यावर कोणी म्हणेल, “तीं भावंडें असामान्य होतीं.” हा युक्तिवाद आम्हांस मुळींच पसंत नाहीं. अमेरिकेंतील ह्या मुलांचे कैवारीही हीच चूक करतात. वर्गांत पहिला आलेला, डॉक्टर झालेला, सैन्यांत गेलेला अशांची यादी पुढें करून ते दया मागतात. परंतु मुंजीचा हक्क ज्ञानेश्वरी लिहिल्यामुळें उत्पन्न झाला नव्हता. जो मुलगा पुढें साधा सुतार किंवा स्वयंपाकी होणार, त्याच्याही हातून तीन वर्षांच्या वयांत अपराध घडलेला नसतो.

दोन आक्षेप मात्र वजनदार आहेत. पहिला असा कीं, विधिमंडळानें नाकारलेली गोष्ट अध्यक्षानें हुकमानें करूं नये. हा आक्षेप आम्हांस बव्हंशीं मान्य आहे. पण त्यांतून निघतें तें विधिमंडळानें कायदा करावा हें, मुलांना घालवून द्यावें हें नव्हे. दुसरा असा कीं, एकदां सवलत दिली कीं तिच्या आशेनें आणखी लोक येतात. १९८६ सालीं अध्यक्ष रीगन यांच्या सहीनें झालेल्या कायद्याखालीं सुमारें २७ लाख लोक कायदेशीर झाले. तरी पुढें अनधिकृत वस्ती वाढलीच, हें खरें आहे. परंतु माणसें येतात तीं कामासाठीं, आणि काम देणारे मळेवाले, बांधकामवाले, खाणावळवाले कोणत्याही रांगेंत उभे केले जात नाहींत. त्यांना मोकळें सोडून, येथें वाढलेल्या एका मुलीचा जन्म टांगता ठेवून दुसऱ्या कोणा मुलीच्या बापास धाक घालावयाचा, ह्याला राज्यनीति म्हणणें आम्हांस जड जातें.

आणि काळ लोटला म्हणजे दोषही पुसला जातो, हें तत्त्व अमेरिकेच्या कायद्याला अपरिचित आहे काय? मुळींच नाहीं. अमुक तारखेपूर्वीं आलेला आणि सतत राहिलेला मनुष्य, कागद नसले तरी, कायमचा रहिवासी म्हणून नोंदवून घ्यावा, असा कायदा त्या देशांत १९२९ पासून आहे. ती तारीख प्रथम १९२१ मधील होती. विधिमंडळ ती वेळोवेळीं पुढें सरकवीत आलें. १९८६ सालीं ती १ जानेवारी १९७२ वर आणली, आणि तेथेंच गाडें अडलें. आमच्याकडील मुदतीचा कायदा, वहिवाटीचा हक्क, कूळकायदा हीं सारीं ह्याच विचाराचीं अपत्यें होत. (ज्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या ते वाचक येथें कपाळाला आठ्या घालतील, पण ज्यानें वर्षानुवर्षें नांगर धरला त्याला उठवून लावणें अवघड, हें तेही मनांत जाणतात.)

आतां आमच्या घरांतील गोष्ट. ‘एच-वन-बी’ परवान्यावर गेलेला आमचा अभियंता आपल्या तान्ह्या मुलीस रीतसर, पारपत्रावर शिक्का घेऊन नेतो. नोकरीच्या आधारें द्यावयाचीं ग्रीन कार्डें सालीना सुमारें १ लाख ४० हजार, त्यांतच बायकामुलें धरलेलीं, आणि कोणत्याही एका देशास साधारणतः शेंकडा ७ हून अधिक नाहींत. म्हणून भारतीयाची रांग दशकानुदशकें हलत नाहीं. मुलगी एकवीस वर्षांची झाली कीं ती कायद्यानें ‘मूल’ राहत नाहीं, आणि बापाच्या अर्जांतून तिचें नांव गळतें. जेथें ती बोबडे बोल बोलली तेथें तिनें परदेशी विद्यार्थिनी म्हणून राहावें, नाहीं तर बोऱ्याबिस्तरा उचलावा. अशा मुलांची संख्या दोन लाखांवर असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत भारतीयांचा भरणा मोठा आहे. २०१२ ची योजना तिच्या कामाची नाहीं, कारण त्या दिवशीं परवाना *नसणें* हीच तींतील एक अट! शेतमजुराच्या मुलीला परवाना नव्हता म्हणून दंड, हिला होता म्हणून दंड. रांगेचें गुणगान करणाऱ्या आमच्या स्नेह्यांनीं ह्याचा निवाडा कसा लावावा?

१९२३ सालीं त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्य नागरिकत्वास अपात्र ठरविला, आणि रीतसर नागरिक झालेल्या कित्येकांचें नागरिकत्व काढून घेतलें गेलें. ती अपात्रता १९४६ सालीं दूर झाली. ‘रीतसर’ हा शब्द किती भरंवशाचा आहे, हें आपल्या लोकांना इतक्या लवकर विसरण्याची सोय नाहीं.

मार्च २०२१ मध्यें प्रतिनिधिगृहानें २२८ विरुद्ध १९७ मतांनीं मंजूर केलेल्या विधेयकांत ह्या दोन्ही मुली एकत्र बसविल्या होत्या. सेनेटमध्यें तें मतास आलें नाहीं. अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळाचें अधिवेशन दर दोन वर्षांनीं भरतें, हजारों मंडळी जमतात. नाटकें आणि जेवणावळी आटोपल्यावर तेथें एक सकाळ ह्या प्रश्नास द्यावी, आणि तेथील नागरिक झालेल्या मराठी मतदारांनीं आपापल्या प्रतिनिधीस दोन्ही मुलींकरितां एकच अर्ज पाठवावा. मसुदा लांबलचक नको. १ जानेवारी १९७२ च्या जागीं अलीकडची तारीख घालावी, आणि मुलीचें वय बापानें अर्ज केला त्या दिवशींचें धरावें.