लाजेपायी वाढणारा टप्पा

साठी उलटलेल्या बाईला नाजूक जागी खाज सुटते. ती सुनेला सांगत नाही, मुलाला तर नाहीच. झाशी असो की जळगाव, औषधाच्या दुकानातून मलम येते आणि त्यावर सहा महिने निघून जातात.

मलमाने न जाणारी खाज, न भरणारी जखम, गाठ, पांढरट किंवा काळसर चट्टा, पाळी गेल्यानंतर दिसणारे रक्त ही लक्षणे अंगावर काढू नयेत. बहुतेकदा कारण साधे निघते. क्वचित मात्र तो योनिमुखाचा कर्करोग असतो. खात्री फक्त तुकडा काढून तपासल्यावरच होते.

निदान झाले की घरचे विचारतात, “बरी होईल ना?” उत्तर रोगाच्या टप्प्यावर अवलंबून असते. २०२१ मध्ये सुधारलेल्या जागतिक वर्गीकरणानुसार टप्पे चार आहेत. पहिल्यात रोग योनिमुखापुरताच असतो. दुसऱ्यात तो मूत्रमार्ग, योनिमार्ग किंवा गुदद्वाराच्या खालच्या भागात शिरतो. तिसऱ्यात त्याच्याही वर सरकतो किंवा जांघेतील लसिकाग्रंथींत पोहोचतो. चौथ्यात हाडाला चिकटतो, ग्रंथी घट्ट बसतात किंवा त्यांवर व्रण पडतात, अथवा रोग दूरच्या अवयवांत जातो.

सर्वांत मोठा फरक पडतो तो जांघेतील ग्रंथींमुळे. अमेरिकेतील नोंदींनुसार, रोग जागच्या जागी असताना सापडला तर १०० पैकी सुमारे ८५ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो शेजारी किंवा ग्रंथींत पसरला की हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते; दूर पसरल्यावर पाचांत एक. अर्थात हे आकडे अनेकींचे मिळून आहेत, कुणा एकीचे भविष्य नव्हे.

लवकर येण्याचा आणखी एक फायदा आहे. गाठ २ सेंटिमीटरपर्यंतच असेल आणि १ मिलिमीटरहून खोल गेली नसेल, तर ती कडेसकट काढणे सहसा पुरते. जांघेला हात लावावा लागत नाही. उशीर झाल्यास मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पुढे पायांची सूज मागे लागू शकते.

झाशीत १९६८ मध्ये स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे. साधारण १०० किलोमीटरवर ग्वाल्हेरला कर्करोग रुग्णालयही आहे. उपचारांनंतरही तपासणी चुकवू नये, कारण रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो.

सासूबाई स्वतःहून सांगतील याची वाट पाहू नका. लेकीने, सुनेने हळूच विचारावे आणि सोबत दवाखान्यात जावे.