उत्तर मिळाले, पण ते आले कोठून?

नॉर्वेतील स्टॅव्हँगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ रोजी 'स्लाइप्नर ए' या तेलमंचाचा काँक्रीटचा महाकाय पाया चाचणी सुरू असतानाच बुडाला. जीवितहानी टळली, मात्र सुमारे ७० कोटी डॉलरचे नुकसान झाले. संगणक बिघडलेला नव्हता आणि वापरलेले सॉफ्टवेअरही जगन्मान्य होते. पायातील कप्प्यांच्या सांध्यापाशी घटकांची जाळी ढोबळ बसविल्याने कर्तन ताण तब्बल ४७ टक्क्यांनी कमी दिसला आणि भिंती पातळ राहिल्या. अपघातानंतर नीट केलेल्या विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल, असे निघाले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे दोष पद्धतीचा नव्हता, ती वापरणाऱ्यांचा होता.

ही पद्धत म्हणजे 'फायनाइट एलिमेंट'. रचनेचे लहान लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येकाची समीकरणे मांडायची आणि ती जोडून सोडवायची. रे क्लफ यांनी १९६० मध्ये तिला हे नाव दिले. आज अभियांत्रिकीचा विद्यार्थी तासाभराच्या सरावानंतर पडद्यावर ताणाची लाल-निळी चित्रे उमटवू शकतो. परीक्षेत मात्र तोच विद्यार्थी दोन-तीन घटकांच्या दांड्याचे गणित कॅल्क्युलेटरवर सोडवतो. चित्र आणि आकडेमोड यांच्या मधले सूत्र त्याच्या हाती लागतच नाही.

नेमक्या याच जागी अक्षरांतच गणित करणारी मॅथेमॅटिका, मेपल यांसारखी सॉफ्टवेअर उपयोगी पडतात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात प्रा. कार्लोस फेलिप्पा यांनी या विषयाचा अभ्यासक्रम मॅथेमॅटिकाच्या आधारे उभारला आणि त्याची टिपणे सर्वांसाठी खुली ठेवली. तयार पॅकेज चालविण्याऐवजी विद्यार्थ्याने घटकाचे समीकरण स्वतः रचावे, असा त्यामागील रोख आहे.

त्याचा लाभ एका साध्या उदाहरणातून दिसतो. समजा, एका दांड्याचे क्षेत्रफळ एका टोकाकडून दुसऱ्याकडे समान गतीने घटत जाते. संपूर्ण दांडा एकच घटक मानून विस्थापन सरळ रेषेत बदलते असे गृहीत धरले, तर ताठरतेच्या सूत्रात दोन्ही टोकांच्या क्षेत्रफळांची साधी सरासरी येते. काटेकोर उत्तरात मात्र लॉगॅरिथमची सरासरी येते आणि ती साध्या सरासरीहून नेहमीच लहान असते. एक टोक दुसऱ्याच्या पाचपट असल्यास दांडा खऱ्यापेक्षा सुमारे २१ टक्के अधिक ताठ भासतो. केवळ आकडे घालून सोडविणाऱ्यास एक संख्या मिळते. अक्षरे कायम ठेवणाऱ्यास चूक कोणत्या गृहीतकातून शिरली आणि निमुळतेपणाबरोबर ती कशी वाढते, हे दिसते. स्लाइप्नरच्या भिंतीचे गणित याहून कितीतरी गुंतागुंतीचे होते, पण विचारायचा प्रश्न हाच होता.

या साधनाला मर्यादा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. घटक वाढले की अक्षरी समीकरणे पानेच्या पाने फुगतात आणि संगणक रखडतो. मोठ्या रचनेला शेवटी आकडेच लागतात. शिवाय अवकलन, संकलन यंत्रावर सोपविल्याने विद्यार्थ्याचा हात बसत नाही, हा जुन्या अध्यापकांचा आक्षेप अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. निदान पहिला घटक तरी कागदावर सोडवून घेतला पाहिजे.

परवान्याच्या खर्चाची सबब मात्र आता फारशी टिकत नाही. मॅक्सिमा आणि पायथॉनमधील सिम्पाय ही साधने विनामूल्य आहेत. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प महाविद्यालयांमध्ये पायथॉन, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करीत आला आहे. खरी अडचण प्रश्नपत्रिकेची आहे. लेखी परीक्षेत ठरावीक आकड्यांचा दांडाच विचारला जाणार असेल, तर अक्षरी गणित प्रयोगवहीतील एका सहीपुरते उरते. 'हे गृहीतक बदलल्यास उत्तर किती बदलेल?' असा एखादा प्रश्न दहा गुणांसाठी आला, तर वर्गातील शिकवणे त्याच सत्रात बदलावे लागेल.