पंखा बदलला, पण डबा गप्पच!

आधीच कबूल करते की मी कॉन्व्हेंटवाली. 'उष्णता'चा पहिला उ ऱ्हस्व की दीर्घ, हे विचारायला संपादकांकडे दोनदा गेले. पण उष्णता म्हणजे काय, हे चंद्रपूरच्या हॉस्टेलमध्ये मे महिना काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको! २०१९ च्या मे अखेरीस इथला पारा ४७ च्या वर गेला होता. तरीसुद्धा आपण इंजिनिअर मंडळी प्रोजेक्ट करतो ते एसी लॅबमध्ये. माझी तक्रार तीच आहे, आणि ती आधी स्वतःबद्दल आहे.

ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये वाघाची सूचना देणारे कॅमेरे बसवल्याचं आम्ही वाचलं होतं. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं गाव सिंदेवाही तालुक्यात, शेत जंगलाला लागून. म्हटलं, छोट्या प्रमाणावर आपणही करून बघू. रास्पबेरी पाय ४, रात्री दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा, एक भोंगा आणि बोर्ड थंड ठेवायला ५ व्होल्टचा छोटा पंखा. सगळं एका पत्र्याच्या डब्यात घालून धुऱ्यावरच्या खांबाला लावलं. लॅबमध्ये झकास चाललं होतं. सरांनी पाठ थोपटली.

एप्रिलमध्ये दुपारी डबा बंद पडायला लागला. पंखा हळू फिरत होता. आमचं निदान तयार – पंखा खराब! नवा आणला. तो आठवडाभरात तसाच. मग तिसरा. दोन पंख्यांचे पैसे मेसच्या बिलातून वाचवलेले, म्हणून जास्त लागलं!

मग शहाण्यासारखं मोजायला बसलो. बोर्डाला स्वतःचं तापमान आणि स्वतःची दुखणी सांगता येतात. 'गेट थ्रॉटल्ड' ही कमांड दिली की कळतं, व्होल्टेज कमी पडलं होतं का, तापमानामुळे प्रोसेसरचा वेग उतरवला गेला का. आमच्याकडे दोन्ही झालं होतं! अॅडॉप्टर घरात आणि बोर्ड लांब धुऱ्यावर. मधल्या बारीक वायरमध्येच व्होल्टेज पडत होतं. म्हणजे पंखा चांगला होता, उपाशी होता.

दुसरं कारण आणखी साधं. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. लॅबमध्ये हवा २७, बोर्ड ५५, म्हणजे हवेपेक्षा २८ अंश जास्त. धुऱ्यावर सावलीत ४३ असताना बंद डब्यातली हवा ५६ झाली होती. त्यात २८ मिळवा, ८४! हा बोर्ड ८० ला वेग कमी करू लागतो, आणि भोवतालची हवा ५० पर्यंतच असावी असं बनवणारेच सांगतात. बोर्ड ब्रिटनमधला. त्या देशाचा आजवरचा उच्चांक ४०.३ अंश, जुलै २०२२ मधला. आपल्याकडे तो एप्रिलमधला साधा दिवस! वेग उतरला की चित्रं साचत जायची, मेमरी भरायची आणि प्रोग्राम बसायचा. दुपारी बसलेला प्रोग्राम रात्रभर बसलेलाच.

आता खरी गोष्ट. एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. मैत्रिणीची आई पहाटे अंधारातच मोह वेचायला जाते. आम्ही गेलो त्या दिवशी काकू सहज म्हणाल्या, "डब्बा वाजला नाही म्हून मी त बिनधास्त गेली ना बाई. बंद होता त सांगाचं होतं!"

काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. डबा नव्हता तेव्हा काकू कानोसा घेत, काठी आपटत जायच्या. आमच्या मेलेल्या डब्याने त्यांची ती सावधगिरी काढून घेतली होती.

मग आम्ही काय केलं? डब्याला खाली आणि वर जाळीची भोकं पाडली, वर दुसऱ्या पत्र्याची सावली केली. १२ व्होल्टची जाड वायर नेऊन बोर्डाशेजारीच ५ व्होल्ट केले. सेकंदाला ३० चित्रांऐवजी एकच तपासायला लावलं, कारण उष्णता कमी करण्यापेक्षा ती तयारच न करणं बरं. पंख्याची धूळ दर आठवड्याला ब्रशने झाडायची. प्रोग्राम बसला तर वॉचडॉग बोर्ड पुन्हा सुरू करतो. आणि एक हिरवा दिवा लावला. तो प्रोग्रामच लुकलुकवतो. प्रोग्राम मेला की दिवा थांबतो.

ज्युनिअर्सना दोन गोष्टी. पंखा थेट जीपीआयओ पिनला जोडू नका, तेवढा करंट पिन देऊ शकत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर हवा. आणि पाय ५ चा पंखा ५० अंशांखाली फिरतच नाही, त्याला मेलेला समजून फेकू नका.

सरांना एक विनंती. पुढच्या वर्षीचे डेमो एसी लॅबमध्ये नकोत. हॉस्टेलच्या गच्चीवर घ्या, दुपारी २ वाजता. जो प्रोजेक्ट तिथे टिकेल तोच आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा. आणि व्हायव्हात एक प्रश्न सगळ्यांना विचारा: तुमचं यंत्र बंद पडलं, तर ते ज्याच्या भरवशावर आहे त्याला कसं कळणार?

काकू आता निघण्याआधी दिवा बघतात. थांबलेला असला तर काठी घेतात. खरं सांगायचं तर, चालू असला तरी घ्या, असं मीच त्यांना सांगून आलेय.