विरारच्या पुढे लोकल का येत नव्हती?

दोस्तांनो, तुमच्यापैकी कोणी पालघर-बोईसरकडे राहत असेल, तर त्याने आज घरी एक प्रश्न विचारायचा. "आपल्याकडे लोकल कधीपासून यायला लागली?" आजोबा म्हणतील, "अरे, परवा-परवापर्यंत नव्हती!" मोठ्या माणसांचा 'परवा' किती लांबचा असतो हे आपल्याला ठाऊक आहेच, म्हणून नेमकी तारीखच सांगतो : १६ एप्रिल २०१३. त्या दिवशी मुंबईची लोकल पहिल्यांदा डहाणू रोडपर्यंत धावली. त्याआधी ती विरारला यायची आणि तिथूनच मागे फिरायची. पुढच्या मंडळींसाठी होत्या त्या शटल, पॅसेंजर, मेमू आणि मेहेरबानी करून थांबतील त्या एक्सप्रेस गाड्या. शटल चुकली की फलाटावर बसकण मारायची आणि डबा उघडायचा!

आता गंमत बघा. रूळ काही विरारला संपत नव्हते. मुंबईहून सुरतेकडे जाणारी ही रेल्वे १८६४ पासून आहे. 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे' असं तिचं लांबलचक नाव होतं. या रेल्वेची पहिली उपनगरी गाडी सुटली १२ एप्रिल १८६७ रोजी, आणि तीही कुठून? विरारहून बॅकबेला! म्हणजे विरारला गाडी मिळाली १८६७ मध्ये आणि त्याच रुळांवर अवघ्या ६४ किलोमीटर पुढे असलेल्या डहाणूला लोकल मिळाली २०१३ मध्ये. करा वजाबाकी. १४६ वर्षं!

रूळ तेच, रुंदी तीच, मग अडलं कुठे? खाली बघू नका, वर बघा. अडलं होतं ते तारेत.

मुंबईत विजेची पहिली गाडी धावली १९२५ मध्ये, व्हीटी ते कुर्ला. पश्चिमेकडची लोकल १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेवर धावू लागली. या सगळ्या गाड्यांना दिलेली वीज होती १,५०० व्होल्टची डीसी. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, जशी टॉर्चच्या सेलमधून मिळते तशी. त्या काळात रेल्वेसाठी हीच पद्धत खात्रीची होती. पुढे तंत्र सुधारलं. १९५० च्या दशकात आपल्या रेल्वेने ठरवलं की यापुढे २५,००० व्होल्टची एसी वापरायची. ही वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे खाते. आपल्या घरातली वीजही एसीच असते, फक्त तिचे व्होल्ट खूप कमी. (एसी म्हणताच ज्यांना गारेगार डबा आठवला त्यांनी थांबावं. तो एसी वेगळा! तशी वातानुकूलित लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी आली.)

एवढे मोठे व्होल्ट कशाला? इथे थोडं गणित आहे, पण घाबरू नका. इंजिनाला जेवढी शक्ती हवी तेवढी द्यायला व्होल्ट कमी असले, तर तारेतून वाहणारा विजेचा प्रवाह जास्त लागतो. २५,००० ला १,५०० ने भागा. साधारण साडेसोळा येतात. म्हणजे तेवढ्याच कामासाठी डीसीच्या तारेतून साडेसोळा पट प्रवाह न्यावा लागतो! मग तारा जाड हव्यात आणि वीज पुरवणारी उपकेंद्रंही जवळजवळ हवीत. बोरीबंदर ते कल्याण किंवा चर्चगेट ते विरार एवढ्याशा पट्ट्यात ते परवडतं. पण विरारपासून थेट साबरमतीपर्यंत? तिथे एसीच हवी. आणि १९७० च्या दशकात या मार्गावर एसीच आली.

म्हणजे विरारला दोन विजांची शीव झाली. या बाजूला डीसी, त्या बाजूला एसी. चर्चगेटची लोकल पडली निव्वळ डीसीवाली. तिने शीव ओलांडली असती तर १,५०० च्या यंत्रात २५,००० शिरले असते. पुढचं सांगायला नको.

"मग सुरतेच्या, अहमदाबादच्या गाड्या कशा जायच्या?" शाबास, हाच प्रश्न हवा होता! त्यासाठी चित्तरंजनच्या कारखान्याने १९७५ पासून खास इंजिनं बांधली. त्यांचं नाव डब्ल्यूसीएएम-१. ही अक्षरं फोडून वाचली की सगळा उलगडा होतो. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी आणि एम म्हणजे मिक्स्ड, अर्थात प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. दोन्ही विजा पचवणारं इंजिन! विरारच्या पुढे तारेचा एक छोटा तुकडा मुद्दाम बिनविजेचा ठेवलेला असे. गाडी तो तुकडा नुसत्या वेगाच्या जोरावर पार करायची आणि तेवढ्यात ड्रायव्हर यंत्रणा एका विजेवरून दुसरीवर आणायचा. डब्यातल्या माणसांना पत्ताही नाही. ती आपली पत्ते कुटण्यात दंग.

शेवटी रेल्वेने विरारच्या अलीकडचीच वीज बदलायचं ठरवलं. रोज लाखो माणसं चढत-उतरत असताना, गाड्या चालू ठेवून हे काम करायचं होतं. रात्रीच्या मोजक्या तासांत थोडं थोडं, असं ते बरीच वर्षं चाललं. मधल्या काळासाठी दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल आल्या. ५ फेब्रुवारी २०१२ रोजी चर्चगेट ते विरार सगळीकडे एसी झाली, आणि पुढच्याच वर्षी डहाणू लोकल सुटली. माझ्या मते त्या तारा बदलणाऱ्या कामगारांच्या नावाने विरारला एखादा दगड बसवायला हरकत नव्हती.

आता याच मार्गावरून थोडं चालू. विरार सोडलं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू रोड. यातलं पालघर आज जिल्ह्याचं ठाणं आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. पण १८८२ चं ठाण्याचं गॅझेटियर उघडलंत तर त्यात पालघर तालुका सापडणारच नाही! तेव्हा तालुका होता माहीम. मुंबईतलं नव्हे, केळव्याच्या शेजारचं माहीम. रेल्वे गेली पालघरवरून, समुद्रकाठचं माहीम बाजूला राहिलं आणि हळूहळू कारभारच स्टेशनाकडे सरकला. गाव मोठं करणारे राजे असतात तसे रूळही असतात, बरं का. पालघरला गेलात तर पाचबत्तीला थांबा. तिथे हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या मोर्चावर पालघरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी १४ ऑगस्टला तिथे त्यांना अभिवादन करतात.

बोईसरची गंमत निराळी. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र कुठलं, असं परीक्षेत आलं की आपण लिहितो 'तारापूर' आणि एक गुण मिळवतो. ते १९६९ मध्ये सुरू झालं, हेही लिहितो. पण तिथे जायला उतरायचं कुठे? बोईसरला! 'तारापूर एमआयडीसी'चे कारखानेही बोईसरलाच. खरं तारापूर गाव तिकडे चिंचणीच्या बाजूला, खाडीकाठी. तिथला किल्ला १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतला. काम बोईसरचं आणि नाव तारापूरचं, असा हा मामला. केंद्रातले ५४० मेगावॅटचे दोन नवे संच २००५ आणि २००६ मध्ये चालू झाले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं हलवावी लागली, हे मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच असतं. आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या १२ स्थानकांतही बोईसरचं नाव आहे. तिचा वेग ठरलाय ताशी ३२० किलोमीटर!

वेगाचं निघालंच आहे म्हणून एक अगदी फुकट प्रवास सांगतो. चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. तेव्हा इथे राष्ट्रकूट राजांचं राज्य होतं आणि संजाण भागाचा कारभार त्यांनी सोपवला होता मधुमती नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब माणसाकडे. (मधुमती हे 'मोहम्मद'चं संस्कृत रूप, असं अभ्यासक सांगतात. काय सुंदर केलंय!) त्याच्या कारकिर्दीत दोन प्रवाहांवर लोकांसाठी मोफत तर सुरू झाली. तर म्हणजे नाव हो, पैलतीराला नेणारी. शिवाय एक अन्नछत्रही होतं, तिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आज तिकीट तपासनीस दिसला की खिसे चाचपणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. ११०० वर्षांपूर्वीच्या सरकारी योजनेत तूपसुद्धा होतं!

पण खाडी ओलांडणं आजही सगळ्यांना सोपं नाही. वैतरणा आणि सफाळे यांच्या मध्ये, खाडीच्या पाण्याने वेढलेलं वाढीव नावाचं गाव आहे. नेहमीचा रस्ता नाही, म्हणून तिथली माणसं, शाळेची मुलंसुद्धा, वर्षानुवर्षं रेल्वेपुलाच्या कडेने चालत स्टेशन गाठत आली. शेजारून गाडी धडधडत जाते तेव्हा कठड्याला धरून उभं राहायचं. आणि त्याच वेळी डब्यातलं कोणीतरी भाविकपणे खाडीत नारळ किंवा निर्माल्याची पिशवी भिरकावतं.

पुन्हा थोडं गणित करू या. गाडी ताशी ९० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तुम्ही नारळ नुसता हातातून सोडलात तरी तो त्याच वेगाने पुढे जातो, कारण तोही तुमच्याबरोबर गाडीत होता. वरून फेकण्याचा जोर वेगळाच. क्रिकेटचा वेगवान चेंडू याहून जोरात येतो खरा, पण फलंदाजाला हेल्मेट असतं, आणि चेंडू म्हणजे नारळ नव्हे. २०२५ मध्ये याच रेल्वेच्या दुसऱ्या एका खाडीपुलावर, भाईंदर आणि नायगावच्या मध्ये, असा नारळ लागून पायी चाललेल्या एका माणसाचा जीव गेला. घरातलं कोणी खिडकीतून काही टाकायला निघालं, तर त्यांना हा २५ मीटरचा हिशेब ऐकवा. आजी असेल तर जरा गोड आवाजात ऐकवा, पण ऐकवा.

जागा संपत आली, तेव्हा आता कोडं. केळवे रोड, डहाणू रोड या नावांत 'रोड' का आला? कारण गाव स्टेशनाला लागून नाही. इथे उतरा आणि पुढे केळव्याचा, डहाणूचा रस्ता धरा, एवढाच त्याचा अर्थ. पण प्रत्येक 'रोड' असा नसतो. काही ठिकाणी तो खरोखरच शहरातला, कोणाच्या तरी नावाचा रस्ता असतो. तर चर्चगेटपासून डहाणू रोडपर्यंत नावात 'रोड' असलेली स्थानकं किती? त्यातले गावाकडे नेणारे 'रोड' कुठले आणि शहरातले कुठले? नकाशा बघायला परवानगी आहे. बाबांना विचारायला नाही, कारण ते 'माटुंगा' नक्की विसरणार!