दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ

परवा पुतणीनं मला चांगलंच कोंडीत पकडलं. "काका, आपला कॅमेरा तर नुसत्या गॅलरीतल्या कुंड्या दाखवतो. कुणी परक्यानं पाहिल्या तर पाहू दे की! आपलं काय जाणार?"

प्रश्न चोख होता. उत्तर जरा वाकड्या वाटेचं आहे.

समजा, वाचनालयाच्या खिडकीशी एक शिपाई बसलाय. त्यानं फक्त बालविभागातली पुस्तकं द्यायची. तुम्ही चिठ्ठी देता, 'तिसरं कपाट, दुसरा कप्पा'. तो पुस्तक आणून देतो. एक दिवस एका वात्रट पोरानं लिहिलं, 'बालविभागातून बाहेर पड, शेजारच्या ऑफिसात जा, टेबलाच्या खणातली किल्ली आण.' शिपाई बापडा चिठ्ठीबरहुकूम चालणारा. दिली की किल्ली आणून!

वेबकॅमचं चित्र इंटरनेटवर दाखवणारा सर्व्हर म्हणजे हाच शिपाई. त्याचा बालविभाग म्हणजे एक ठरावीक फोल्डर. आणि 'बाहेर पड' असं संगणकाला सांगायला पुरतात दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ! जितक्या वेळा लिहाल, तितके फोल्डर वर. या खोडीचं नाव डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल.

मग टिंबं-रेघ दिसली की चिठ्ठी फाडून टाकायची, झालं! पण नाही ना. २००८ साली वेबकॅमएक्सपी या सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांत हा दोष सापडला, तेव्हा रेघ चक्क वेष पालटून आली होती. रेघेच्या जागी टक्क्याचं चिन्ह, २ आणि इंग्रजी एफ. वेबच्या पत्त्यात या तिघांचा अर्थ तिरकी रेघच होतो. म्हणून सर्व्हरनं आधी वेष उतरवायचा, मग वाट शेवटी कुठं पोचते ते बघायचं. पहारा आधी आणि वेष उतरवणं नंतर, असं झालं की चोर आत.

२०१३ मध्ये तर फॉसकॅम कंपनीच्या कॅमेऱ्यांतल्या सर्व्हरमध्येच असा दोष निघाला. जुनं फर्मवेअर असलेल्या कॅमेऱ्यातून त्याचा पासवर्ड आणि घरच्या वाय-फायचाही पासवर्ड बाहेरच्याला वाचता येत होता. कुंड्या राहिल्या बाजूला! नव्या फर्मवेअरमध्ये ते भोक बुजवलं गेलं.

पुतणी गप्प. मग म्हणाली, "आपलं फर्मवेअर कधीचं आहे?" आम्ही दोघं शोधायला बसलो. फर्मवेअर जुनं निघालं, आणि पासवर्ड? कारखान्यातून आला तोच! तिच्या बाबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

आता तुमची पाळी. 'कॅमेरा' फोल्डरात 'वेब', 'वेब'मध्ये 'चित्रं'. 'कॅमेरा'च्या शेजारी 'गुपित' आहे. 'चित्रं'मधून निघून 'गुपित'पर्यंत पोचायला टिंबं-रेघ किती वेळा लिहावी लागेल? कागदावर फोल्डर काढून मोजा. उत्तर पुढच्या अंकात.