सुगमतेची सक्ती

दिव्यांग मुलाला शाळेत घेणे आणि तेथे त्याला शिकता येईल अशी व्यवस्था करणे, ही भारतात शाळांच्या मर्जीवर सोडलेली बाब नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि 2012च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले त्यातील वंचित गटात आली. त्या कायद्याचा हक्क 6 ते 14 वयोगटापुरता आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016ने किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना शिक्षणाचा हक्क 18 वर्षांपर्यंत दिला आणि जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही त्यांच्याकडे दिली.

या अधिनियमाचे कलम 16 शाळांच्या कामांची यादी देते. प्रवेशात भेदभाव नको; इमारत, आवार आणि सोयी सुगम हव्यात; विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी बदल हवेत; अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांच्या भाषेत व माध्यमात शिक्षण मिळायला हवे; अध्ययन अक्षमता लवकर ओळखली जावी; दिव्यांग मुलांच्या आणि त्यांपैकी तीव्र गरजा असलेल्यांच्या सोबत्याच्याही वाहतुकीची सोय व्हावी. अनुदान किंवा शासनमान्यता, यांपैकी काहीही घेतलेल्या संस्थेला हे लागू आहे. म्हणजे विनाअनुदानित खासगी शाळाही त्यातून सुटत नाही. मात्र हे सारे शाळांकडून करून घेण्याचा भार कायद्याने अनुदान व मान्यता देणाऱ्या शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर ठेवला आहे.

इमारतीची बाब सर्वांत सोपी, कारण ती टेपने मोजता येते. रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नको, असे मानक आहे. वर्गाचे जोते दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा. जागा नाही म्हणून तो आठ फुटांत उरकला, तर चाकाच्या खुर्चीतील मुलाला वर ढकलायला माणूस लागतो आणि उतरताना खुर्ची हाताबाहेर जाते. अशा रॅम्पचीही कागदावर ‘आहे’ अशीच नोंद होते. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यूडायस प्लस या सरकारी प्रणालीच्या 2024-25च्या आकडेवारीनुसार कठड्यासह रॅम्प देशातील सुमारे 55 टक्के शाळांतच आहे.

वर्गाच्या आतले काम याहून अवघड. ब्रेल पुस्तके, खुणांची भाषा, सहायक साधने यांचा उपयोग ते जाणणारा शिक्षक असेल तरच होतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये विशेष शिक्षकांसाठी प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरांमागे एक, असे प्रमाण घालून दिले. परीक्षेत लेखनिक, वाढीव वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या तरतुदी 2016च्या अधिनियमाच्या कलम 17मध्येच आहेत. शाळेने त्या देताना उपकाराचा आव आणण्याचे कारण नाही.

मुदतींचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. अडथळाविरहित प्रवेश ही शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतील अट आहे. जुन्या शाळांना तिच्या पूर्ततेसाठी तीन वर्षे होती, ती मार्च 2013 मध्ये संपली. 2016च्या अधिनियमाने अस्तित्वातील सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम जून 2017चे, म्हणजे तीही मुदत 2022 मध्ये उलटली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानके केवळ शिफारशीसारखी ठेवणारा या नियमांतील नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक मानके करण्यास केंद्राला सांगितले.

मानक बंधनकारक झाले तरी मोडणाऱ्याला काही गमवावे लागले पाहिजे. 2016च्या अधिनियमात पहिल्या उल्लंघनाला कमाल दंड 10 हजार रुपये आहे. मोठ्या संस्थेला तो भरणे रॅम्प बांधण्यापेक्षा स्वस्त पडेल. परिणामकारक हत्यार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 19 मध्ये आहे. अनुसूचीतील अटी न पाळणाऱ्या शाळेची मान्यता काढता येते आणि त्यानंतरही ती चालवल्यास एक लाखापर्यंत, पुढे दररोज दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. अल्पसंख्याक शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या निर्णयामुळे शिक्षण हक्क कायद्याबाहेर आहेत. त्यांना 2016चा अधिनियम लागू आहेच. नव्या इमारतीचा आराखडा नियमांत बसत नसेल तर बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला दोन्ही अडवता येतात.

मान्यता देताना रॅम्प, स्वच्छतागृह आणि विशेष शिक्षक यांची जागेवर तपासणी होऊन तिचा अहवाल जाहीर व्हावा. जिल्हा परिषद व नगरपालिकेच्या शाळांची मान्यता काढून मुलांचेच नुकसान होईल. तेथे या कामांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र निधी आणि कामास जबाबदार अधिकारी ठरवला गेला पाहिजे. पालकांना दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण त्यांनी दार ठोठावेपर्यंत थांबण्याची मुभा कायद्याने यंत्रणेला दिलेली नाही.