‘आता हे बंद करा’ हा उपचार नव्हे



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक बाई ओपीडीत आल्या. वय ३९, बँकेत अधिकारी. तक्रार उजव्या खांद्याची. तपासताना दंडाच्या आतल्या बाजूला आणि कोपराच्या खोबणीत काळे-निळे डाग दिसले.  मी त्यांच्या यजमानांना बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, “घरी कोणी मारतं का?” (असे डाग दिसले की हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरने एकांतात विचारलाच पाहिजे.) बाई आधी गोंधळल्या, मग हसल्या. “नाही हो डॉक्टर. मी पोल डान्स शिकते. दीड वर्ष झालं. सध्या बंद आहे, पण परवा न राहवून एकदा चढले. हे परवाचे.”

पिशवीतून फाईल निघाली. तीन महिन्यांपूर्वी उलटं होऊन पोलवर पाय अडकवताना खांद्यात कळ आली होती. एमआरआय झाला. ‘रोटेटर कफ’ला किंचित झीज आहे असं रिपोर्टमध्ये होतं. तो पाहून त्यांना सल्ला मिळाला, “आता हे बंद करा. या वयात कशाला असले प्रकार?” त्यांनी इमानेइतबारे बंद केलं. तीन महिन्यांत खांदा होता तसाच राहिला, वजन चार किलो वाढलं आणि झोप बिघडली. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मी परत पोलला हात लावू शकेन का?”

मी पूर्वी स्वतः हाच सल्ला दिलेला आहे. पंधरा वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते. लहानपणी मल्लखांब केलेला, पंचेचाळिशीत पुन्हा सुरू केला आणि मनगट दुखावलं. मी म्हणालो, “झालं ना लहानपणी करून? आता सोडा.” त्यांनी सोडलं. दोन वर्षांनी परत आले ते मधुमेह घेऊन. त्यात माझ्या त्या एका वाक्याचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही. पण काहीच नव्हता असं मी स्वतःला सांगू शकत नाही. म्हणून हा लेख.

‘बंद करा’ हा सल्ला आम्हा डॉक्टरांना सोपा पडतो. लिहायला दोन शब्द, आणि पेशंटला पुन्हा काही झालं तर जबाबदारी आमची नाही. पण वैद्यकीयदृष्ट्या तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांचा एक पाय फक्त ५ दिवस प्लास्टरसारख्या आवरणात जखडून ठेवला. तेवढ्यात मांडीचा पुढचा स्नायू साधारण साडेतीन टक्के घटला आणि ताकद नऊ टक्क्यांच्या आसपास कमी झाली. पाच दिवसांत! तीन महिन्यांच्या ‘पूर्ण विश्रांती’चं काय होत असेल, याचा अंदाज करा. दुखापतीवर विश्रांती, बर्फ, दाब आणि उंच ठेवणं हे सूत्र १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केलं. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती बरं होणं लांबवू शकतात. मूळ लेखकाने मत बदललं, आमच्या प्रिस्क्रिप्शनवर मात्र ते अजून तसंच आहे.

आता एमआरआयचं. चाळिशीनंतर ज्यांचा खांदा अजिबात दुखत नाही अशा कित्येक लोकांच्या एमआरआयमध्येही झीज दिसते. चेहऱ्यावर सुरकुती दिसावी तशी. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला. खांदेदुखीच्या तीनशेहून अधिक रुग्णांचे गट केले. काहींचं नेहमीचं ऑपरेशन केलं, म्हणजे खांद्याच्या वरच्या हाडाचा भाग तासून जागा मोकळी केली. काहींना फक्त दुर्बीण घालून आतून पाहिलं, दुरुस्ती काहीच केली नाही. दोन्ही गटांत जाणवण्याजोगा फरक नव्हता. रिपोर्टमधला शब्द वाचून छंद सोडू नका. दुखतं कुठे, हात कुठपर्यंत जातो, ताकद किती आहे, हे हाताने तपासणारा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट शोधा.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर ‘दुखलं तरी लढा’ म्हणतायत. मुळीच नाही. त्या दुसऱ्या टोकाच्या लोकांवर माझा राग जास्त आहे. ‘जिद्द असेल तर सगळं जमतं’ असं मोबाईलवर रोज सकाळी पाठवणारे, आणि क्लासला जाण्याआधी डायक्लोफेनॅकची गोळी घ्या म्हणून सांगणारे मित्र. वेदना म्हणजे शरीराने केलेली तक्रार. गोळी घेऊन तुम्ही ती तक्रार दाबता आणि मग त्याच खांद्यावर सगळं वजन टांगता. जठराचं आणि किडनीचं नुकसान होऊ शकतं ते वेगळंच.

खरी गोची अशी आहे. स्नायू लवकर बळकट होतात. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे टेंडन, सावकाश बळकट होते. पोल शिकायला लागल्यावर सहा-आठ महिन्यांत तुम्हाला वाटतं, अरे, आपल्याला जमतंय. स्नायूंना खरंच जमत असतं. दोरीला अजून नसतं. त्यात शिकवणीत पुढच्या बाईने उलटं होऊन दाखवलं की आपणही त्याच दिवशी वीस वेळा करून बघतो, तेही नेहमीच्याच हाताने. दुसऱ्या दिवशी खांदा उठत नाही आणि मग आपण स्वतःला दोष देतो की माझ्यात चिकाटी नाही, माझं वय झालं. यात चिकाटीचा किंवा वयाचा संबंध फार थोडा आहे. डोस चुकला. रक्तदाबाची गोळी एकदम चौपट घेतली तर चक्कर येईल. तेव्हा आपण गोळी कायमची सोडत नाही, डोस बदलतो.

या बाईंचा डोस आम्ही फिजिओथेरपिस्टच्या मदतीने असा बसवला. पहिले दोन आठवडे पोलवर चढायचं नाही, पण क्लासला जायचंच. जमिनीवरचे प्रकार, पोटाचे व्यायाम, पायांची लवचिकता. उजव्या खांद्याला भिंतीवर हात दाबून धरण्याचे, न हलवता ताकद लावण्याचे व्यायाम. आणि डाव्या बाजूला जोर लावायचा. एका हाताला व्यायाम दिला तर न वापरलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही काही प्रमाणात टिकते. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या हुकमाची तालीम होत राहते, म्हणून. तिसऱ्या आठवड्यापासून रबरी पट्ट्यांनी खांद्याचे व्यायाम, मग पाय जमिनीवर ठेवून पोलला धरून थोडं वजन टाकणं. सहाव्या आठवड्याला साधं चढणं. उलटं होणं सगळ्यात शेवटी, तेही खाली जाड गादी आणि शेजारी शिक्षिका असतानाच.

नियम एकच ठेवला. व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आलं पाहिजे. नाही आलं, तर डोस एक पायरी खाली. शून्यावर नाही, एकच पायरी. वहीत रोज तीन ओळी लिहायच्या: काय केलं, किती दुखलं, सकाळी कसं होतं. उत्साहाची वाट पाहू नका म्हटलं. चौथ्या आठवड्यात त्या वैतागल्या होत्या, “काहीच प्रगती नाही.” वही उघडली तर पहिल्या आठवड्यात केस विंचरताना सहा होतं ते आता एकवर आलेलं. आरशासमोर हे दिसत नाही. इन्स्टाग्रामवर तर नाहीच नाही.

आणखी एक गोष्ट, जी पोलच्या शिक्षिकेला दिसणार नाही. या बाईंचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. जिना चढताना धाप लागते, ते त्या ‘सुटलेल्या सवयी’च्या खात्यावर मांडत होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त! त्यामुळे बाईमाणसाने “हल्ली मन लागत नाही, अंगात जोरच नाही” म्हटलं तर मी आधी प्रेरणादायी पुस्तक सुचवत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि साखर तपासायला सांगतो आणि पाळीत रक्तस्राव किती होतो ते विचारतो. चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः मधुमेह असेल तर, खांदा जखडण्याचा आजारही होतो. त्यात दुसऱ्याने हात उचलला तरी तो वर जात नाही. त्याचा उपचार वेगळा.

‘असले प्रकार’ या शब्दांबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. एरंडेल चोळलेल्या लाकडी खांबाला मांडीची पकड घालून उलटं लटकलं की ती परंपरा, आणि बाईने स्टीलच्या खांबावर तेच केलं की ‘असले प्रकार’? हो, पोल डान्सचा एक धागा परदेशातल्या बारमधून आला आहे. पण तपासताना मला खांदा दिसतो, त्याचं चारित्र्य दिसत नाही. पोलवर आखूड कपडे लागतात कारण पकड उघड्या त्वचेचीच बसते. त्याच कारणाने क्लासच्या दिवशी अंगाला तेल किंवा मॉइश्चरायझर लावायचं नाही. बाईंनी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. “जिमला जाते” म्हणतात. छंद लपवावा लागतो तेव्हा दुखापतही लपवली जाते आणि माणूस आमच्याकडे उशिरा येतो.

मग थांबायचं कधी? पडल्यावर डोकं किंवा मान आपटली, हाता-पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, ‘कट्’ आवाज होऊन लगेच ताकद गेली, सांधा जागेवरून सरकल्यासारखा वाटला, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. डागांचंही तसंच. पकडीच्या जागी आलेले डाग एक-दोन आठवड्यांत रंग बदलत जातात. पण मार न लागता डाग येत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, पाळीत रक्तस्राव वाढला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर प्लेटलेट तपासा.

बाई मागच्या आठवड्यात आल्या होत्या. हिमोग्लोबिन ११.८. खांद्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. स्प्लिट करताना उजव्या मांडीचा मागचा स्नायू ताणला होता, चार दिवस झाले होते, आणि या वेळी वही सोबत होती. सहा आठवडे पूर्ण स्प्लिट नाही, मागच्या स्नायूला हळूहळू वजन, चढणं चालू ठेवायचं, असं लिहून दिलं आहे. दोन आठवड्यांनी परत बोलावलंय.